देवनारची श्वासनलिका, गल्लीतलं इलियम: ऑर्गन बाथसाठी मुंबईतल्या कत्तलखान्याच्या ऊती कितपत कामाच्या?

मुंबईतल्या अनेक फार्मसी कॉलेजांत ऑर्गन बाथ, म्हणजे ऊतीचा तुकडा उबदार द्रावणात टांगून त्यावर औषधाचा परिणाम पाहायचं पात्र, कपाटात आहे, आकुंचन टिपणारी लिव्हर (तरफ) आहे, आलेख उमटवायचा शेरिंग्टनचा फिरता ड्रमही आहे, पण टांगायला ऊती नाही. बी. फार्मच्या अभ्यासक्रमात प्राण्यांवरचे प्रयोग सॉफ्टवेअर आणि व्हिडिओवरच दाखवायचे असतात. पुद्दुचेरीच्या जिपमरमध्ये तयार झालेलं एक्सफार्म हे सॉफ्टवेअर आलेख कसा वाचायचा ते चांगलं शिकवतं. पण पडद्यावरचं आतडं कधी सुकत नाही, धागा सुटत नाही, बेसलाइन (औषध नसतानाची आलेखाची रेषा) सरकत नाही. पुढे एम. फार्मला किंवा कंपनीत गेलेल्या मुलाला नेमकं हेच हातांनी यावं लागतं. गिनीपिग आणि उंदीर न वापरता हे हात तयार करायचे, तर याच शहरात रोज कचऱ्यात जाणारा माल हा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे, असं आमचं ठाम मत आहे. त्या मालाचा हा आढावा.

निकाल आधीच सांगतो. बकऱ्याची श्वासनलिका आणि बकऱ्याचे डोळे पहिल्या प्रतीचे. कोंबडीचं इलियम (लहान आतड्याचा शेवटचा भाग) शिकवण्यासाठी फार चांगलं, संशोधनासाठी मर्यादित. बकऱ्याचं आतडं कष्टाच्या मानाने कमी देणारं. आणि गाई-बैलांच्या ऊतींवर उभ्या असलेल्या परदेशी पद्धती महाराष्ट्रात जशाच्या तशा राबवता येत नाहीत, त्यांच्या मागे लागू नये.

माल येतो कुठून

मुंबईत मटणाच्या दुकानातला शिक्क्याचा माल देवनारच्या महापालिका पशुवधगृहातून येतो. १९७१ पासून ते चालू आहे. तिथे जनावराची कापण्याआधी आणि कापल्यानंतर पशुवैद्यकाकडून तपासणी होते. प्रयोगाच्या दृष्टीने ही तपासणी मोठी जमेची बाजू आहे, कारण फुप्फुसात गाठी असलेलं किंवा तापाचं जनावर तिथेच वेगळं काढलं जातं. अडचण वेळेची आहे. दुकानात सकाळी टांगलेला बकरा कधी कापला हे दुकानदारही नेमकं सांगू शकत नाही. शिवाय दुकानात येतो तो सोललेला धड. आतडी, फुप्फुस, मुंडी यांची वाट वेगळी असते. म्हणून बकऱ्याची ऊती खऱ्या अर्थाने ताजी हवी असेल, तर संस्थेच्या पत्रावर रीतसर परवानगी घेऊन देवनारहूनच आणावी. पत्र महाव्यवस्थापकांच्या नावे, संस्थेच्या लेटरहेडवर, कोणता अवयव, किती नग, कोणत्या काळासाठी आणि कशासाठी हे लिहून, प्राचार्यांच्या सहीने द्यावं. 'प्रयोगासाठी अवयव हवेत' एवढंच मोघम लिहिलं तर पुढचे प्रश्न संपत नाहीत.

गोवंडी स्टेशन हार्बरवर आहे. गोवंडीहून माटुंगा, परळ किंवा कालिना हे अंतर पहाटे सोपं असतं, नऊनंतर नाही. थंड द्रावणाबाहेर ऊतीचं आयुष्य मिनिटांत मोजायचं असल्याने प्रयोग दुपारचा असला तरी माल सकाळी लवकरच आणावा आणि थंड द्रावणात ठेवावा. गाडी अडकली तर बर्फ वितळतो, ऊती मरते आणि दिवस वाया जातो. पावसाळ्यात कुर्ला-चुनाभट्टीला पाणी भरण्याची शक्यता असेल त्या दिवशी बेत आखूच नये.

कोंबडीचं उलट आहे. दुकानात पक्षी समोर कापला जातो, त्यामुळे सुरी ते थर्मास हे अंतर पाच मिनिटांचंही ठेवता येतं. ताजेपणात गल्लीतला कोंबडीवाला देवनारवर मात करतो. पक्ष्याला काय खाऊ घातलंय, कोणती औषधं दिली आहेत, हे मात्र कळत नाही. ब्रॉयलरच्या खाद्यात कॉक्सिडिओसिसवरची औषधं असतात, कधी अँटिबायोटिकही. परिणामांची तुलना करताना हे लक्षात ठेवून एकाच दुकानाचा, शक्यतो एकाच पुरवठादाराचा माल घ्यावा.

दिनदर्शिकाही पाहावी लागते. महावीर जयंती, गांधी जयंती आणि पर्युषणातल्या ठरावीक दिवशी कत्तल बंद असते. बकरी ईदच्या आधीच्या आठवड्यांत देवनारला बाजाराची इतकी गर्दी असते की चार श्वासनलिका मागणाऱ्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नसते. गटारीला आणि रविवारी कोंबडीवाल्याला विनंती करू नये. बुधवार आणि शुक्रवारी माल भरपूर असतो पण हात मोकळे नसतात. सोमवार-मंगळवारी सकाळी पक्षी कमी कापले जातात, पण आतडं जपून काढून मिळतं. श्रावणात विक्री मंदावते, तेव्हा आदल्या दिवशी सांगून ठेवावं.

एक गोष्ट आम्ही काटेकोरपणे पाळायला सांगतो. ऊती ही खाण्यासाठी कापलेल्या जनावराची शिल्लक असली पाहिजे. प्रयोगासाठी म्हणून कोंबडी कापून घेतली आणि मांस टाकून दिलं, तर तो पर्याय उरत नाही. फक्त प्राणीगृहाच्या जागी दुकान येतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या तीन तत्त्वांपैकी पहिलंच तत्त्व जिवंत प्राण्याला पर्याय शोधण्याचं आहे, आणि या मालाची सगळी किंमत त्या तत्त्वाशी इमान राखण्यात आहे.

बकऱ्याची श्वासनलिका (पाचपैकी साडेचार)

दम्यावरच्या औषधांच्या अभ्यासासाठी यापेक्षा चांगला माल मुंबईत मिळत नाही. नलिका मोठी असते, हाताळायला सोपी आणि चिवट. थंड क्रेब्ज द्रावणात (ऊती जिवंत ठेवणारं क्षारांचं द्रावण, कृती पुढे आहे) आतड्याच्या कितीतरी पट टिकते. सकाळी आणलेली नलिका संध्याकाळपर्यंत नीट काम देते. एका नलिकेतून अनेक तुकडे निघतात.

मागताना फुप्फुस नळीसकट मागावं. दुकानात त्याला फेफडा म्हणतात. हलाल पद्धतीत सुरी श्वासनलिकेसकट गळा कापते, त्यामुळे वरचं टोक फाटलेलं असतं. काम करायचं ते छातीकडच्या भागावर. दुसरी गोष्ट, गळा कापताना रक्त आणि कधी पोटातला चारा नळीत ओढला जातो. तो आत सुकला तर श्लेष्मल थर चिघळतो आणि औषध स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून जागेवरच २० मिलीच्या सिरिंजने थंड क्रेब्ज दोनतीनदा हलक्या हाताने आतून फिरवावं. नळाच्या पाण्याने धुतली की पेशी फुगतात आणि ऊती गेलीच म्हणून समजावं.

प्रयोगशाळेत नलिका थंड क्रेब्जच्या डिशमध्ये ठेवून बाहेरची चरबी आणि संयोजी ऊती काढायची. कूर्चेचे कडे इंग्रजी सी अक्षरासारखे असतात आणि स्नायू मागच्या बाजूला, त्या उघड्या तोंडाला जोडून असतो. कुत्र्यामांजरांत हा स्नायू कूर्चेच्या बाहेरून चिकटलेला असतो. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत आतून. त्यामुळे परदेशी पुस्तकातलं कुत्र्याचं चित्र बघून बाहेरून सोलायला गेलं तर स्नायूच कापला जातो. दोन कूर्चांच्या मधून आडवे छेद देऊन कडी वेगळी करायची, स्नायूच्या बरोबर समोर कूर्चा कापायची आणि कडं उघडायचं. लिव्हर आणि ड्रमवर काम असेल तर अशी चार-पाच कडी एकाखाली एक सुती धाग्याने बांधून साखळी करावी, जेणेकरून सगळे स्नायू एका रेषेत ओढले जातील. कॅस्टिलो आणि डी बीअर यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या साखळीचंच हे रूप. फोर्स ट्रान्सड्यूसर (ओढ विद्युतसंकेतात मोजणारं साधन) असेल तर बकऱ्याच्या एका कड्याचा स्नायूही पुरतो. साखळीत एकही गाठ स्नायूच्या पोटातून गेली तर ते कडं निकामी होतं. गाठ नेहमी कूर्चेच्या टोकातून घ्यावी.

बाथ २० ते ३० मिलीचा, ३७ अंश सेल्सियस, ताण ४०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, लिव्हरचं वर्धन सात ते दहा पट. किमान ४५ मिनिटं स्थिरावू द्यावं, दर १५ मिनिटांनी द्रावण बदलावं. इथे घाई केली की हमखास फसतं. श्वासनलिकेचा स्नायू मंद असतो. अर्ध्या तासात सुरुवात केली तर बेसलाइन खाली सरकत राहते आणि पहिले तीन प्रतिसाद कचऱ्यात टाकावे लागतात. हिस्टामिन (हा स्नायू आकुंचित करणारं रसायन) अंतिम प्रमाण १ मायक्रोग्रॅम प्रति मिलीपासून सुरू करून वाढवत न्यावं, संपर्कवेळ ९० सेकंद, दोन मात्रांमध्ये १५ मिनिटं. गिनीपिगच्या इलियमची सवय असलेल्याला हे आकडे फार मोठे वाटतील. ते तसेच असतात. लागोपाठ मात्रा दिल्या तर प्रतिसाद उतरत जातो, आणि विद्यार्थी त्याला औषधाचा परिणाम समजतो. म्हणून प्रत्येक मालिकेत वनस्पतीचा अर्क तपासायच्या तुकड्याशेजारी एक तुकडा नुसत्या हिस्टामिनवर, वेळेचा साक्षीदार म्हणून, चालू ठेवलाच पाहिजे. आयुर्वेदिक अर्कांच्या कितीतरी प्रबंधांत हा एक तुकडा नसतो आणि सगळा निष्कर्ष तिथेच डळमळतो.

वजनाचा आणखी एक घोळ. बाटलीत बहुधा हिस्टामिन डायहायड्रोक्लोराइड असतं. १ मिलिग्रॅम हिस्टामिन बेससाठी ते १.६६ मिलिग्रॅम घ्यावं लागतं. वहीत बेस लिहायचं की क्षार, हे पहिल्या पानावर ठरवावं.

अर्क स्वतः स्नायू सैलावतो का हे पाहायचं असेल तर आधी स्नायू आकुंचित करून मग आयसोप्रेनालिन किंवा अमिनोफायलिन या सैलावणाऱ्या औषधांशी तुलना करावी. आयसोप्रेनालिनचं द्रावण गुलाबी झालं की टाकून द्यावं. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घातलं तर ते जास्त वेळ टिकतं. अर्धा गुण कापला तो या ऊतीच्या संथपणासाठी. चार तासांच्या प्रात्यक्षिकात पूर्ण मात्रा-प्रतिसाद वक्र (मात्रेबरोबर प्रतिसाद कसा वाढतो त्याचा आलेख) आणि त्यावर विरोधी औषध, दोन्ही बसत नाहीत.

द्रावण: माल चांगला असूनही प्रयोग इथे मरतो

क्रेब्ज-हेन्सलाइट (वर नुसतं क्रेब्ज म्हटलं ते) एका लिटरला: सोडियम क्लोराइड ६.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३५, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.२९, सोडियम बायकार्बोनेट २.१, ग्लुकोज २.० आणि निर्जल कॅल्शियम क्लोराइड ०.२८ ग्रॅम. बाटलीवर डायहायड्रेट लिहिलेलं असेल तर तेच कॅल्शियम मिळायला ०.३७ ग्रॅम लागेल. हे न पाहता ०.२८ टाकलं की कॅल्शियम पाऊण पटच राहतं आणि 'बकऱ्याची ऊती दुबळी असते' असा निष्कर्ष निघतो. टायरोड या दुसऱ्या द्रावणात सोडियम क्लोराइड ८.०, पोटॅशियम क्लोराइड ०.२, मॅग्नेशियम क्लोराइड ०.१, सोडियम बायकार्बोनेट १.०, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.०५, ग्लुकोज १.० आणि निर्जल कॅल्शियम क्लोराइड ०.२ ग्रॅम.

कॅल्शियम सर्वांत शेवटी. बाकी सगळं विरघळवून, पाणी जवळपास लिटरपर्यंत आणून, वेगळ्या बीकरमध्ये विरघळवलेलं कॅल्शियम ढवळत थेंब-थेंब घालायचं. बायकार्बोनेट आणि फॉस्फेटच्या दाट द्रावणात ते एकदम ओतलं की दुधाळ गढूळपणा येतो. असं द्रावण गाळून वापरू नये, फेकून द्यावं, कारण कॅल्शियम गाळणीवर राहिलेलं असतं.

क्रेब्जला ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण लागतं. मत्स्यालयाच्या पंपाची हवा टायरोडवर चालून जाते, क्रेब्जवर नाही. बायकार्बोनेट जास्त असल्याने साध्या हवेवर सामू (पीएच) चढत जातो, बाथच्या भिंतीवर पांढरी पूड दिसू लागते आणि ऊती हळूहळू गप्प होते. सिलिंडर परवडत नसेल तर कोंबडीच्या आतड्यावर टायरोडनेच काम करावं. ग्लुकोज त्याच दिवशी घालावं. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात रात्रभर ठेवलेल्या ग्लुकोजच्या द्रावणात सकाळी जंतू वाढलेले असतात.

आणताना रुंद तोंडाचा थर्मास, त्यात आधी ऑक्सिजन दिलेलं २००-२५० मिली थंड द्रावण, बाहेरून जेलपॅक. ऊती बर्फाला थेट टेकू देऊ नये. गोठलेला कोपरा वितळल्यावर चांगला दिसतो पण आकुंचन पावत नाही. डब्यात गच्च भरूनही आणू नये.

बाथमध्ये लावल्यावर पहिली परीक्षा पोटॅशियमची. २० मिलीच्या बाथमध्ये ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचे ०.४ मिली घातले की पोटॅशियम सुमारे ६० मिलिमोलरने वाढतं. जिवंत स्नायू त्याला उत्तर देतोच. उत्तर आलं नाही तर दोष हिस्टामिनच्या बाटलीत शोधत बसू नये, तुकडा बदलावा. आलं आणि अ‍ॅगोनिस्टला (आकुंचन घडवणाऱ्या औषधाला) मात्र येत नसेल, तेव्हा औषधाचं द्रावण तपासावं. अ‍ॅसिटिलकोलिन (आतड्याचा स्नायू आकुंचित करणारं रसायन) अल्कधर्मी द्रावणात लवकर मोडतं. त्याचा साठा किंचित आम्लधर्मी ठेवावा आणि पातळ द्रावणं रोज नवी करावीत.

कोंबडीचं इलियम (शिकवण्यासाठी चार, संशोधनासाठी अडीच)

अ‍ॅसिटिलकोलिनचा मात्रा-प्रतिसाद वक्र, ऊतीच्या प्रतिसादावरून औषधाचं अज्ञात प्रमाण ठरवणारी तीन बिंदूंची आणि चार बिंदूंची बायोअ‍ॅसे, अ‍ॅट्रोपिनचं पीए-२ (विरोधी औषधाच्या ताकदीचा आकडा) काढणं, हे सगळं यावर बसतं. दुकानदाराला सांगायचं ते एवढंच: पोट उघडताना आतडी ओढू नका, पूर्ण गुंडाळी सोडून द्या. सवयीने ते बोटाने ओरबाडून काढतात आणि त्या एका ओढीत स्नायूचे थर फाटतात. पिसांसाठी गरम पाण्यात बुडवलेला पक्षी टाळावा. कातडी सोलून देतात तो घ्यावा.

इलियम शोधायला निसर्गानेच खूण ठेवली आहे. आतड्याच्या मध्यावर बाहेरून एक बारीकशी गाठ दिसते, ती मेकेलची. तिथून खाली, दोन आंधळ्या आतड्यांच्या मुळापर्यंतचा भाग म्हणजे इलियम. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करावेत. आतलं अन्न टायरोडने, पिपेटमधून नुसत्या वजनाने वाहू देऊन काढावं. सिरिंजचा जोर दिला की आतडं फुगतं आणि मग ते बराच वेळ आपणहूनच उड्या मारतं. आतड्याची पातळ झालर कापून टाकावी. धागे दोन्ही टोकांना, समोरासमोरच्या भिंतींतून, आतली पोकळी बंद न करता. पोकळी बंद झाली तर औषध एकाच बाजूने पोचतं.

ताण अर्धा ग्रॅम, अर्धा तास स्थिरावणं, दर १० मिनिटांनी धुणं. अ‍ॅसिटिलकोलिनची मात्रा १० नॅनोग्रॅम प्रति मिलीपासून दुपटीने, ३० सेकंद संपर्क, पाच मिनिटांचं चक्र. आपोआप होणारी हालचाल त्रास देत असेल तर तापमान ३२ ते ३४ अंशांवर आणावं. लय मंदावते, प्रतिसाद वाचण्याजोगा होतो. मात्र एका मालिकेत तापमान बदलायचं नाही. अ‍ॅट्रोपिनचं पीए-२ साधारण ८.५ ते ९ च्या आसपास यायला हवं. फार दूर गेलं तर अ‍ॅट्रोपिनला स्थिरावायला पुरेसा वेळ दिलेला नसतो, बहुधा दहा मिनिटांत उरकलेलं असतं. अर्धा तास द्यावा.

हिस्टामिनच्या बायोअ‍ॅसेसाठी गिनीपिगच्या जागी हे आतडं सरळ बसवू नये. गिनीपिगचं इलियम नॅनोग्रॅमच्या प्रमाणावर जसं झटकन उत्तर देतं, तशी संवेदनशीलता इथे मिळत नाही. प्रात्यक्षिकाचं नाव जुनंच ठेवून ऊती बदलली की मुलं रिकाम्या आलेखाकडे पाहत बसतात. आणि मानेतल्या बायव्हेंटर सर्व्हायसिस स्नायूचा, जिन्सबोर्ग आणि वॉरिनर यांनी १९६० मध्ये दिलेला प्रयोग दुकानातल्या ब्रॉयलरवर करू नये. त्याला काही दिवसांचं पिल्लू लागतं, आणि ते कत्तलीची शिल्लक नसतं.

बकऱ्याच्या इलियमबद्दल थोडक्यात. भिंत जाड, प्रतिसाद संथ, आत चारा. मोठ्या आतड्याजवळचा भाग लसिका ऊतींनी भरलेला असतो, कोवळ्या बकऱ्यात तर लांबपर्यंत. तो सोडून वरचा घ्यावा आणि पूर्ण नळीऐवजी उभी पट्टी कापावी. ज्याच्याकडे श्वासनलिका आहे त्याने यात वेळ घालवू नये.

डोळे (पाचपैकी पाच)

बाजारात याची किंमत जवळपास शून्य आणि उपयोग सर्वांत जास्त. अट एकच: मुंडी भाजण्याआधी डोळे काढलेले हवेत. मुंडी-पायावाले केस जाळायला मुंडी आगीवर धरतात आणि तेवढ्यात पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया) शिजून पांढरं होतं. दुकानात 'ताजी मुंडी' म्हणून भाजलेलीच हातात येते, त्यामुळे न भाजलेली, कातडीसकट हवी असं स्पष्ट सांगावं.

पारपटलातून औषध किती जातं हे पाहायला दोन ते चार मिलिमीटर पांढऱ्या कडेसह ते कापून फ्रान्झ सेलवर (पडद्यातून औषध किती पार गेलं ते मोजायचं दोन कप्प्यांचं पात्र) बसवावं. प्रयोग दोन तासांपुरताच ठेवावा. संपल्यावर पारपटल ओलं तोलायचं, वाळवून पुन्हा तोलायचं. निरोगी पारपटलात पाणी ७५ ते ८० टक्के असतं. ८३ च्या वर गेलं तर पारपटल दुखावलेलं आहे आणि औषधाचा आकडा फुगलेला आहे. हे वजन न देता छापलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

मोतीबिंदूविरोधी औषधांसाठी भिंग. कृत्रिम नेत्रजल मिलिमोलरमध्ये: सोडियम क्लोराइड १४०, पोटॅशियम क्लोराइड ५, मॅग्नेशियम क्लोराइड २, सोडियम बायकार्बोनेट ०.५, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.५, कॅल्शियम क्लोराइड ०.४, ग्लुकोज ५.५, सामू ७.८. मोतीबिंदू घडवायला ग्लुकोज ५५ मिलिमोलर, म्हणजे लिटरला ९.९ ग्रॅम. ७२ तास ठेवायचं असल्याने पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन घालणं अटळ. भिंगात जादा ग्लुकोजचं सॉर्बिटॉल होतं, ते बाहेर पडत नाही, पाणी ओढतं, तंतू फुगतात आणि पारदर्शकता जाते. शेवटी भिंग मागची बाजू खाली करून जाळीच्या रेषांवर ठेवायचं आणि किती चौकटी स्पष्ट दिसतात ते मोजायचं. चिमट्याने भिंग उचललं की आवरण फाटतं. प्लास्टिकच्या छोट्या चमच्याने उचलावं. कोवळ्या जनावराचं भिंग थंडीत धुरकट दिसू शकतं आणि खोलीच्या तापमानावर परत स्वच्छ होतं, म्हणून थर्मासमधून काढल्याकाढल्या 'खराब' म्हणून फेकू नये. उबदार झाल्यावरही धुरकट राहिलं तरच बाद.

कोंबडीच्या डोळ्यांवर ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४३८ क्रमांकाची दाहकतेची चाचणी आहे, २००९ पासून. तिच्यात कत्तलखान्यातली अखंड मुंडकी वापरतात आणि गोळा केल्यापासून दोन तासांत काम सुरू व्हावं अशी अपेक्षा असते. मुंबईत हे जमण्यासारखं आहे, आणि सौंदर्यप्रसाधनांच्या प्रयोगशाळांनी याकडे जरूर पाहावं. तिची बहीण असलेली ४३७ मात्र गाई-बैलांच्या पारपटलावर आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि अशा कत्तलीचं मांस बाळगणंही गुन्हा आहे. परदेशी शोधनिबंधातलं 'बोव्हाइन' (गोवंशाचं) वाचून कुणाकडून तरी ऊती मिळवण्याच्या फंदात पडू नये. म्हशीची ऊती कायदेशीर मिळते, पण ती गाईची म्हणून अहवालात लिहिता येत नाही आणि चाचणी तिच्यावर प्रमाणित झालेली नाही. खरेदीची पावती आणि जनावराचं नाव नोंदवून ठेवावं.

डुकराची हृदयधमनी रक्तवाहिन्यांच्या अभ्यासाला उत्तम, पण प्रयोगशाळेतल्या मदतनिसांना ती हाताळायला चालेल का हे आधी विचारावं. अ‍ॅसिटिलकोलिनने ती सैल होईल अशी पुस्तकी अपेक्षा ठेवू नये. डुकराच्या या धमनीत ते थेट आकुंचन घडवतं. सैलावणं दाखवायला ब्रॅडिकिनिन घ्यावं, आणि आतला थर घासला गेला असेल तर तेही दिसणार नाही.

मोजणी आणि कागद

एका बकऱ्याच्या श्वासनलिकेतून सहा तुकडे काढले तरी तो एकच बकरा. सहाला सहा मानून केलेली सांख्यिकी फसवी असते. सहा हवे असतील तर सहा जनावरं, आणि शक्यतो वेगवेगळ्या दिवसांची. वय, जात, नर-मादी, किती उपाशी, किती लांबून आलं, यातलं काहीच हातात नसल्याने प्राणीगृहातल्या उंदरांपेक्षा इथे विखुरणं जास्त येतं. त्यावर उपाय म्हणजे जनावरांची संख्या वाढवणं आणि प्रत्येक तुकडा त्याच्याच पोटॅशियम प्रतिसादाच्या टक्केवारीत मांडणं. इथे जनावर वाढवायला जीव लागत नाही, फक्त आणखी एक फेरी लागते.

जिवंत प्राण्यावर प्रयोग होत नसला तरी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीला ऊतीचा स्रोत लेखी कळवून तिचं पत्र घ्यावं. जर्नल ते मागतं, आणि मागितल्यावर मागच्या तारखेचं मिळत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्राची समिती सीपीसीएसईए, म्हणजे आताची सीसीएसईए, हिच्या नोंदणीचा प्रश्न जिथे प्राणीगृहच नसल्याने येत नाही तिथेही हे पत्र उपयोगी पडतं.

हातमोजे, अ‍ॅप्रन आणि डोळ्यांवर चष्मा सक्तीचा. बकऱ्यातून ब्रुसेला आणि क्यू फिव्हर, कोंबडीतून साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर माणसाला होऊ शकतात. गर्भार विद्यार्थिनीला या कामापासून दूर ठेवावं. बर्ड फ्लूची बातमी असेल त्या काळात कोंबडीचे प्रयोग पूर्ण थांबवावेत. उरलेली ऊती २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत जाते, सिंकमध्ये किंवा पालिकेच्या ओल्या कचऱ्यात नाही. पिशवी नेणारी गाडी रोज येत नसेल तर ती फ्रीझरमध्ये ठेवावी. काचेचा बाथ १ टक्का हायपोक्लोराइटने वीस मिनिटं भरून ठेवून ऊर्ध्वपातित पाण्याने भरपूर धुवावा. स्टीलचे हुक त्यात सोडू नयेत. ते गंजतात, आणि गंजलेल्या हुकावर दुसऱ्या दिवशीचा स्नायू चिकटतो.